पेटी आली तर खेळ: कोकणातल्या जागतिक सिनेमाच्या हंगामामागची गोष्ट

दिवाळी उलटली आणि पाऊस आता नक्की गेला असं छातीठोकपणे म्हणता येऊ लागलं, की तळकोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या फलकावर कागद डकवला जातो. जागतिक चित्रपटांचा हंगाम, महिन्याला एक खेळ, फक्त सभासदांसाठी. यादी बघितली तर एक इटालियन, एक जपानी, एक पोलिश, एक फ्रेंच आणि गेल्या वीसेक वर्षांत हमखास एक इराणी. पुढच्या वर्षी चित्रपट बदलतात, देश सहसा तेच राहतात. यामागे निवड करणाऱ्यांची आवड आहेच, पण तिच्यापेक्षा मोठा वाटा आहे तो फिल्मच्या पेट्या कुठून निघाल्या आणि कुठवर पोहोचल्या याचा.

सिनेमा भारतात उतरला तो ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात, ल्युमिएर बंधूंच्या खेळानं. सगळेच चित्रपट परदेशी, त्यामुळे ‘जागतिक सिनेमा’ असा वेगळा कप्पा तेव्हा नव्हता. कोकणाचा या इतिहासातला पहिला ठसा मात्र पडद्यावरच उमटला. सावेदादा भाटवडेकरांनी १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं चित्रण केलं. भारतातल्या पहिल्या वार्तापटांत त्याची गणना होते, आणि हे रँग्लर दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. (त्यांची नात सई परांजपे पुढे दिग्दर्शिका झाली, हा योगायोग सिनेमावाल्या कोकण्यांना सांगायला फार आवडतो.)

फिल्म सोसायटी ही कल्पना बरीच नंतरची आणि विलायतेची. १९२५ मध्ये लंडनमध्ये अशी संस्था निघाली. व्यापारी थिएटरं जे दाखवत नाहीत किंवा सेन्सॉर जे दाखवू देत नाही, ते वर्गणी भरलेल्या सभासदांनी खासगीत पाहायचं, हा तिचा पाया. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’वर ब्रिटनमध्ये बंदी असताना लंडनच्या सोसायटीनं तो १९२९ मध्ये सभासदांना दाखवला. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मंडळींनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली तेव्हा तिचा पहिला खेळही याच चित्रपटाचा होता.

या चळवळीला खरा धक्का दिला तो १९५२ च्या महोत्सवानं. फिल्म्स डिव्हिजननं भरवलेला भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारीला मुंबईत सुरू झाला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ इथल्या सिनेमावाल्यांनी याच महोत्सवात पाहिला. स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या भिंतींशिवाय, खऱ्या रस्त्यावर, नट नसलेल्या माणसांना घेऊनही चित्रपट होतो, याचा तो पुरावा होता. चार महानगरांतल्या प्रेक्षकांनी तो पाहिला. रत्नागिरी, मालवण, अलिबाग या यादीत असायचं कारणच नव्हतं.

डिसेंबर १९५९ मध्ये देशभरातल्या मोजक्या सोसायट्या एकत्र येऊन फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाली. सत्यजित राय अध्यक्ष, आणि विजया मुळे संयुक्त सचिव. मुळेबाई मूळच्या मुंबईच्या, पण सोसायटीचं काम त्यांनी सुरू केलं पाटण्यात. ‘एक अनेक और एकता’ हे चिमण्यांचं गाणं दूरदर्शनवर ऐकत वाढलेल्या पिढीला ते त्यांचं काम आहे हे ठाऊक असतं, ही चळवळ त्यांच्या खांद्यावर उभी होती हे मात्र सहसा ठाऊक नसतं.

फेडरेशनमुळे दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळाली. तिकीट विकायचं नाही, वर्गणी घ्यायची, दारात कार्ड बघायचं. दुसरी गोष्ट, पेट्यांची साखळी. परदेशी चित्रपटाची प्रिंट विकत घेणं कुठल्याच सोसायटीला परवडणारं नव्हतं. ती उसनी मिळायची वकिलातींकडून आणि परदेशी सांस्कृतिक केंद्रांकडून. सोव्हिएत संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी हे देश आपले चित्रपट आनंदानं आणि फुकट द्यायचे, कारण शीतयुद्धाच्या काळात तोही परराष्ट्र धोरणाचाच भाग होता. जर्मनांची मॅक्सम्युलर भवनं होती, फ्रेंचांची आलियाँस फ्राँसेज होती. आपल्याकडचा जुना सभासद पोलंडचा वायदा आणि चेकोस्लोव्हाकियाचा मेन्झेल ही दिग्दर्शकांची नावं घरच्यासारखी घेतो आणि ब्राझीलचा एक दिग्दर्शक त्याला आठवत नाही, याचं मूळ इथे आहे. ज्या सरकारनं पेटी पाठवली त्याचा सिनेमा आपण अभिजात मानला. हे थोडं कडवट वाटेल, पण त्या पेट्यांत अस्सल माल होता हेही तितकंच खरं.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसानं ते आयुष्यभर जोपासलं. संग्रहालय म्हणजे कुलूपबंद गोदाम, असं त्यांनी मानलं नाही. अभिजात चित्रपटांच्या १६ मिलिमीटरच्या प्रिंट सोसायट्यांना आणि महाविद्यालयांना मिळू लागल्या. छोट्या गावांसाठी ही १६ मिलिमीटरची फिल्म फार मोलाची ठरली. ३५ मिलिमीटरच्या दोन तासांच्या चित्रपटाची पेटी वीस किलोच्या वर भरायची आणि तिला थिएटरचं यंत्र लागायचं. १६ च्या सोळाशे फुटी रिळात पाऊण तासाच्या आसपासचा भाग मावतो, म्हणजे अख्खा चित्रपट तीन रिळांत. प्रोजेक्टर एका माणसाला उचलता येतो. सरकारी प्रसिद्धी खातं गावोगाव माहितीपट दाखवायला हेच यंत्र फिरवत असे. एखादा हॉल, एक पांढरा पडदा आणि बल्ब उडाला तर दुसरा बल्ब, एवढ्यावर खेळ होऊ शकत होता.

तरी कोकणात तो फारसा झाला नाही.

याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे रस्ते आणि पाऊस. उत्तर खोटं नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सलग धावू लागली ती १९९८ मध्ये. त्याआधी मुंबईहून किनाऱ्यानं जाणारी बोट पावसाळ्यात बंद. पुण्याहून पेटी यायची म्हणजे कोल्हापूरमार्गे आंबा, फोंडा नाहीतर गगनबावड्याच्या घाटानं, एस.टी.च्या टपावर किंवा सीटखाली. जून ते सप्टेंबर घाटात दरड, गावात वीज बेभरवशाची. पडदा मध्येच काळा झाला की लोक पाच मिनिटं थांबतात, मग बाहेर येऊन चहा घेतात, मग घरी जातात. म्हणून इथला हंगाम कायमच पावसानंतरचा.

पण घाटाच्या पलीकडे, शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडूकडे पाहिलं की हे उत्तर लंगडं पडतं. तिथेही असाच पाऊस, अशाच सुपारीच्या बागा, गाव तर आपल्या तालुक्याच्या गावांहून कितीतरी लहान. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या नाट्यसंस्थेनं १९७३ मध्ये चित्रसमाज ही फिल्म सोसायटी काढली. नायर पुण्याहून प्रिंट पाठवत राहिले, पुढे चित्रपट रसास्वादाची शिबिरंही तिथे भरली, आणि जपानचे कुरोसावा, राय, दे सिका शेतकऱ्यांनी पाहिले, त्यांवर कन्नडमधून वाद घातले. दक्षिणेला केरळात अदूर गोपालकृष्णन आणि मित्रांनी १९६५ मध्ये चित्रलेखा सोसायटी काढली आणि तिच्या मागोमाग गावोगाव सोसायट्या निघत गेल्या. त्यांना जमिनीसारखी मिळाली ती तिथली ग्रंथालय चळवळ.

ग्रंथालयं तर कोकणातही होती, आणि केरळच्या त्या चळवळीच्या शंभर वर्षं आधीपासून. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. नाटकाचं वेड तर विचारूच नका. कार्तिकानंतर जत्रांमधून दशावतार रात्र-रात्र चालतो, लिखित संहितेशिवाय, आणि प्रेक्षक त्यातल्या संवादांच्या जुगलबंदीवर पहाटेपर्यंत जागतो. म्हणजे वाचणारं गाव होतं, बघणारं गाव होतं. नव्हता तो मधला माणूस. पंचविशीतला, नोकरीला लागलेला, संध्याकाळी मोकळा, पत्रव्यवहार करून प्रिंट मागवणारा तरुण. तो गावात नव्हताच. तो मुंबईत होता.

माझ्या मते कोकणातल्या सोसायट्यांच्या इतिहासाची खरी गुरुकिल्ली ही आहे. ५ जुलै १९६८ ला मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. त्याआधीच्या मुंबईच्या सोसायट्यांचा कारभार बहुतेक इंग्रजीतला. प्रभातनं तो मराठीत आणला. सुधीर नांदगावकर आणि सहकाऱ्यांनी खेळांबरोबर मराठीत टिपणं दिली, चर्चा घडवल्या, ‘वास्तव रूपवाणी’सारखं नियतकालिक चालवलं. गिरणगावात, बँकेत, मंत्रालयात, पोस्टात चिकटलेल्या चाकरमान्यांपैकी ज्यांना असली आवड होती, त्यांनी स्वीडनचे बर्गमन आणि इटलीचे फेलिनी पाहिले ते असे, मुंबईत. ते मे महिन्यात आणि गणपतीत गावी यायचे, चुलत भावाला त्या चित्रपटांची गोष्ट सांगायचे आणि परत जायचे. पुढची कित्येक वर्षं कोकणात जागतिक सिनेमा असाच पोहोचला. ऐकीव.

रसास्वाद शिबिरांनी ही कोंडी थोडी फोडली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादुर ‘पथेर पांचाली’ रिळा-रिळानं, दृश्या-दृश्यानं उलगडून दाखवत. त्यांच्या पद्धतीतून सोसायट्यांच्या कार्यकर्त्यांची एक पिढी घडली, मराठीतूनही अशी शिबिरं होऊ लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले शिक्षक, प्राध्यापक, ग्रंथपाल तिथे जाऊन आले. ते पेटीबरोबर आणखी एक गोष्ट गावी घेऊन आले. खेळाआधी दहा मिनिटं बोलायची सवय. सबटायटल इंग्रजी, तीही भराभर पळणारी. आधी मराठीत चार गोष्टी सांगितल्या नाहीत तर अर्धा हॉल मध्यंतरातच रिकामा होतो. (मूळ चित्रपटाला मध्यंतर नसतं. आपल्याकडे ते रीळ बदलताना आपोआप पडायचं आणि रीळ गेली तरी टिकून आहे.)

सगळेच सभासद रसास्वादासाठी येत होते असं समजू नये. ‘सेन्सॉर न झालेला’ या दोन-तीन शब्दांची ओढ सत्तरच्या दशकात देशभरच्या सोसायट्यांनी अनुभवली. एखाद्या स्वीडिश चित्रपटाला उसळणारी गर्दी पुढच्या महिन्यात सोव्हिएत युद्धपटाला फिरकायची नाही. संयोजक तक्रार करायचे आणि वर्गणीही जमा करून घ्यायचे. पुष्कळ सोसायट्या त्या वर्गणीवर तगल्या, हे मान्य करायला हरकत नसावी.

ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही आला, मग व्हिडिओ. घरबसल्या चित्रपट मिळू लागल्यावर महिन्यातून एकदा हॉलवर जाण्याचं कारण उरेना. त्यातच १९८९ ते ९१ या काळात पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळल्या, सोव्हिएत संघ संपला आणि त्यांच्याबरोबर फुकट मिळणाऱ्या पेट्याही आटल्या. बर्लिनची भिंत पडल्याचा परिणाम कोकणातल्या हॉलवर झाला असं म्हटलं तर लोक हसतील. पण झाला.

सध्याचे हंगाम उभे आहेत ते त्यानंतर आलेल्या दोन गोष्टींवर. पहिली डीव्हीडी आणि डिजिटल प्रोजेक्टर. पेटीचं वजन शून्यावर आलं. इराणी सिनेमाची लाट छोट्या गावांपर्यंत आली ती याच वाटेनं. त्यातले लहान मुलांचे, कमी संवादांचे, गल्लीबोळातले चित्रपट सबटायटल न वाचताही समजत, म्हणून ते इथे एवढे रुजले. दुसरी गोष्ट म्हणजे २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, कायमची गोव्यात आली. सावंतवाडी, कुडाळच्या माणसाला पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. नोव्हेंबरात चार दिवस रजा टाकून जाणारे शिक्षक, वकील, डॉक्टर तयार झाले. आपल्या हॉलवर काय लावायचं हे ते तिथे प्रत्यक्ष बघून ठरवू लागले.

याच सुमारास उलट दिशेचा प्रवासही घडला. संदीप सावंतांचा ‘श्वास’ हा कोकणातल्या आजोबा-नातवाचा चित्रपट २००४ मध्ये भारतातर्फे ऑस्करसाठी गेला आणि त्याच्या खर्चासाठी शाळकरी पोरांनीही पैसे जमवले. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात बालज्युरीनं क्रिस्टल बेअर दिलं. कोकणातल्या गावात बदलून आलेल्या आईच्या मुलाची ती गोष्ट, पाऊस आणि समुद्र भरपूर असलेली. इथल्या प्रेक्षकानं तो आपला म्हणून पाहिला, आणि बर्लिनच्या मुलांसाठी तो ‘जागतिक सिनेमा’ होता.

आता अडचण पेटीची नाही, हक्कांची आहे. फाइल मिळणं दोन मिनिटांचं काम, पण ती जाहीर दाखवायची परवानगी मिळवायची तर परदेशी वितरकाला लिहायचं आणि तो सांगेल ते शुल्क भरायचं. पन्नास-साठ सभासदांच्या वर्गणीत ते बसत नाही. अनेक ठिकाणी यावर सोयीस्कर मौन असतं. फेडरेशनमार्फत आणि सांस्कृतिक केंद्रांमार्फत रीतसर मिळणारे चित्रपट त्यामुळे पुन्हा महत्त्वाचे झाले, आणि यादी पुन्हा त्याच जर्मनी-फ्रान्स-पोलंडकडे वळली.

या किनाऱ्याचं जग खरं तर ते नव्हेच. खेड, श्रीवर्धन, राजापूरकडच्या किती घरांतली माणसं कुवेत, दुबई, मस्कतला आहेत. कोकणी मुसलमानांची वस्ती केपटाऊनमध्ये शंभरहून अधिक वर्षांची आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत तीस वर्षं राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला, त्याचा राजवाडा अजून उभा आहे. पण ब्रह्मदेशाचा, दक्षिण आफ्रिकेचा किंवा आखाताचा चित्रपट हंगामाच्या यादीत शोधून सापडत नाही, कारण त्या बाजूनं कुणी पेटी धाडली नव्हती. कुवेतचा पहिला कथापट १९७२ चा, खालिद अल सिद्दिक यांचा ‘बस या बहर’. तेलाच्या आधीचा काळ, मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारी माणसं, कर्ज आणि एका बापाची पोराला समुद्रावर न पाठवण्याची धडपड. हर्णैच्या किंवा मालवणच्या बंदरावरच्या प्रेक्षकाला याची प्रस्तावना दहा मिनिटंसुद्धा करावी लागणार नाही. पुढच्या यादीवर चर्चा होईल तेव्हा एका पोलिश चित्रपटाच्या जागी हे नाव सुचवून पाहायला हवं.