बेंजामिन बॅनेकर : मेरीलँडचा पंचांगकर्ता

फेब्रुवारी आला की अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलांना एखाद्या कृष्णवर्णीय व्यक्तीवर प्रोजेक्ट करायला सांगतात. कार्टर वुडसन या इतिहासकारानं 1926 साली सुरू केलेल्या इतिहास-सप्ताहातून ही प्रथा आली आणि 1976 पासून तो अख्खा महिना झाला. व्यक्ती अगदी सुरुवातीच्या काळातली हवी असेल, तर यादीत बेंजामिन बॅनेकर हमखास असतात. पोस्टरवर वाक्यंही ठरलेली : अमेरिकेतलं पहिलं घड्याळ त्यांनी बनवलं, वॉशिंग्टन शहराचा हरवलेला आराखडा नुसत्या आठवणीतून पुन्हा काढून दिला, आणि थॉमस जेफरसनला पत्र लिहिलं.

यातलं फक्त शेवटचं वाक्य पूर्ण खरं आहे.

बॅनेकर यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1731 चा, मेरीलँडमधल्या बाल्टिमोर परगण्यातला. वडील रॉबर्ट हे आधी गुलाम होते, पुढे मुक्त झाले. 1737 मध्ये त्यांनी 7,000 पौंड तंबाखू मोजून 100 एकर जमीन घेतली आणि खरेदीखतात आपल्या नावाबरोबर लहानग्या बेंजामिनचंही नाव घातलं. मला या सगळ्या चरित्रात हा कागद फार मोलाचा वाटतो. ज्या मुलखात माणसांचीच खरेदीखतं होत होती, तिथे एका बापानं आपल्या पाच वर्षांच्या पोराला जमिनीचा मालक करून ठेवलं.

घड्याळ खरंच बनवलं होतं, साधारण 1753 च्या सुमारास. उसनं आणलेलं खिशातलं घड्याळ उघडून त्याची रचना समजून घेतली आणि लाकडाची चाकं कोरून मोठं, ठोके देणारं घड्याळ उभं केलं, असं सांगतात. ते पन्नासहून अधिक वर्षं चाललं. पण वसाहतींमध्ये घड्याळं त्याआधीही बनत होती. ‘पहिलं’ हा शब्द नंतर कुणीतरी चिकटवला, आणि त्यानं तंबाखूच्या शेतावर बसून चाकांच्या दात्यांचं गणित जमवणाऱ्या तरुणाचं कौतुक उगाच झाकून टाकलं.

आकाशाचा अभ्यास त्यांनी सुरू केला तो सत्तावन्नाव्या वर्षी. जवळच पिठाच्या गिरण्या चालवणारं एलिकट कुटुंब होतं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. त्यातल्या जॉर्ज एलिकटनं 1788 च्या सुमारास त्यांना खगोलशास्त्राची पुस्तकं, दुर्बीण आणि मोजणीची साधनं दिली. शिकवायला कुणी नव्हतं. पुढल्या वर्षी त्यांनी एका सूर्यग्रहणाचं गणित मांडून जॉर्जकडे पाठवलं. त्यात चूक निघाली, तर ती कुठून आली हे शोधत ते ग्रंथांतली कोष्टकं ताडून पाहू लागले.

इंग्रजीत ज्याला आल्मनॅक म्हणतात ते आपल्याला ओळखीचं आहे : पंचांगच ते. वर्षाच्या प्रत्येक दिवसाचे सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राच्या कला, ग्रहांची स्थानं, ग्रहणं, शिवाय चेसापीक उपसागराची भरती-ओहोटी. शेतकरी आणि खलाशी दोघांचं त्याच्यावाचून अडायचं. बॅनेकर यांचं 1792 सालचं पंचांग बाल्टिमोरमध्ये छापलं गेलं आणि 1797 पर्यंत दरवर्षी त्यांची गणितं छापली जात राहिली. गुलामगिरीविरोधी मंडळींनी छपाईसाठी खटपट केली. कृष्णवर्णीयांना बुद्धी कमी असते म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला त्यांना हा पुरावा हवाच होता.

राजधानीच्या आखणीचं म्हणाल, तर 1791 च्या फेब्रुवारीत अँड्रयू एलिकट यांच्या तुकडीबरोबर बॅनेकर गेले होते. दहा मैल लांब-रुंद प्रदेशाची हद्द ठरवायची होती आणि वेधशाळेच्या तंबूत ताऱ्यांचे वेध घेऊन घड्याळ अचूक ठेवणं हे त्यांचं काम होतं. एप्रिलअखेरीस ते घरी परतले. शहराचा आराखडा करणारे लांफाँ यांना कामावरून दूर केलं गेलं 1792 च्या फेब्रुवारीत, आणि नकाशा पुरा केला तो एलिकट बंधूंनी. तेव्हा बॅनेकर तिथे नव्हतेच.

पत्र मात्र खुद्द त्यांचं आहे, 19 ऑगस्ट 1791 चं. जेफरसन तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. कृष्णवर्णीय बुद्धीनं कमी असावेत अशी शंका त्यांनी आपल्या पुस्तकात छापलेली होती आणि आयुष्यभरात 600 हून अधिक माणसं त्यांच्या मालकीची होती. बॅनेकर यांनी पंचांगाची हस्तलिखित प्रत जोडून त्यांना स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली त्यांचीच वाक्यं वाचून दाखवली. इंग्रजांनी तुम्हाला दास्यात ठेवू पाहिलं तेव्हा तुम्हाला ते अन्यायाचं वाटलं, आणि आज तोच अपराध तुम्ही माझ्या बांधवांवर करता आहात, असा त्याचा मथितार्थ. जेफरसन यांनी 30 ऑगस्टला सौजन्यानं उत्तर दिलं आणि पंचांग पॅरिसला काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाकडे पाठवलं. 1809 मध्ये मात्र, बॅनेकर वारल्यावर, एका मित्राला लिहिताना त्यांनीच या माणसाची बुद्धी अगदी सामान्य ठरवली. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलानं ही तिन्ही पत्रं शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. मराठी घरातल्या मुलाला आणखी एक धागा दाखवता येईल : अमेरिकेतली गुलामगिरी 1865 मध्ये संपली आणि 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते ती संपवणाऱ्या अमेरिकी लोकांनाच.

बॅनेकर 1806 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. ते गेले त्याच दिवशी त्यांच्या भाच्यानं जॉर्ज एलिकटकडून घेतलेल्या वस्तू परत नेऊन दिल्या आणि सोबत त्यांची टिपणवहीही पोचवली. अंत्यविधी चालू असतानाच घराला आग लागली. घड्याळ जळालं, कागद जळाले. दंतकथांना मोकळं रान मिळालं ते त्यामुळेही.

वाचलेल्या वहीत ग्रहगणितांबरोबर सिकाडा या किड्यांची एक नोंद आहे. 1749 मध्ये ते हजारोंनी आले तेव्हा पीक खातील या भीतीनं सतरा वर्षांच्या बेंजामिननं ते मारायला घेतले आणि थोड्याच वेळात हा खटाटोप व्यर्थ आहे हे ओळखून सोडून दिलं. मग 1766 मध्ये पाहिले, मग 1783 मध्ये, आणि म्हातारपणी त्यांनी लिहिलं की या किड्यांची फेरी सतरा वर्षांची असावी. मेरीलँडमध्ये ती फेरी अजून चालू आहे. मागची 2021 मध्ये झाली.