जिवाणूंकडून कोळ्याचे विष

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला असलेल्या ब्लू माउंटन्स डोंगररांगांत फनेल-वेब जातीचा एक कोळी आढळतो. त्याच्या विषात ओमेगा-हेक्झाटॉक्सिन-एचव्ही१ए असे लांबलचक नाव असलेले, अवघ्या ३७ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी, असते. ते कीटकांची चेतासंस्था बिघडवते, म्हणून कीटकनाशक म्हणून कामी येऊ शकते. माणसाला घातक ठरणारे घटक त्याच विषात असले, तरी ते निराळे. मात्र एका कोळ्याकडून मिळणारे विष इतके थोडे असते की त्यावर शेताची फवारणी भागणे अशक्यच. म्हणून या पेप्टाइडचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून ते त्याच्याकडून बनवून घेण्याचा मार्ग संशोधकांनी धरला.

जनुक घातले की काम झाले असे वाटते खरे, पण अमिनो आम्लांची साखळी तयार होणे हा त्यातला सोपा भाग आहे. खरी मेख तिच्या घडीत आहे. साखळीतील सिस्टीन नावाच्या सहा अमिनो आम्लांच्या जोड्या जुळून तीन डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या अणूंमधले दुवे, तयार होतात. सहांच्या अशा जोड्या १५ प्रकारे लागू शकतात. त्यांपैकी एकाच प्रकाराने ती घट्ट गाठ बसते, जिच्यामुळे पेप्टाइड प्रथिने तोडणाऱ्या विकरांना सहजी दाद देत नाही. जिवाणूच्या पेशीद्रवात असे बंध तयार होणे कठीण. म्हणून क्वीन्सलँड विद्यापीठातील ग्लेन किंग यांच्या गटाने साखळी जिवाणूच्या दोन पटलांमधल्या चिंचोळ्या जागेत पाठवण्याची पद्धत वापरली, कारण बंध जोडणारी आणि चुकलेले बंध सोडवून पुन्हा जुळवणारी विकरे तिथे मुळातच असतात. साखळीला जोडलेले माल्टोजबंधक प्रथिन ती विरघळलेली ठेवण्यास मदत करते आणि शेवटी तंबाखूवरील एका विषाणूच्या विकराने छाटले जाते.

बाजारासाठी मात्र अमेरिकेतील वेस्टारॉन कंपनीने यीस्टची निवड केली, आणि तिच्या पेप्टाइडला तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेची नोंदणी २०१४ मध्ये मिळाली.

तरीही एक अडचण उरतेच. कोळी दंश करून विष थेट भक्ष्याच्या शरीरात सोडतो. फवारलेले पेप्टाइड पानाबरोबर अळीच्या पोटात जाते आणि आतड्याची भिंत ओलांडून त्यातले फारच थोडे चेतापेशींपर्यंत पोहोचते. कापसामुळे महाराष्ट्राला चांगल्याच परिचयाच्या झालेल्या बीटी जिवाणूचे विष नेमकी हीच भिंत भेदते, आणि म्हणून अळ्यांसाठीचे वेस्टारॉनचे कीटकनाशक बीटीची थोडी मात्रा मिसळून फवारायचे असते.