तीन मिनिटांचे नाशेल्स्क

१९३८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचे डेव्हिड कुर्त्झ पत्नी आणि स्नेह्यांसह युरोप पाहायला निघाले होते. वाट वाकडी करून ते पोलंडमधल्या नाशेल्स्कलाही गेले. वॉर्साच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवरचे हे डेव्हिड यांचे जन्मगाव. तिथे तेव्हा सुमारे ३,००० ज्यू राहत. कुर्त्झ यांच्या हातात १६ मिमी कॅमेरा होता, आणि तो पाहायला गाव लोटले. पोरे एकमेकांना ढकलत पुढे येतात, हसतात. मोठी माणसे सिनेगॉगमधून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातून, बाहेर पडतात. एवढेच चित्रण, जेमतेम तीन मिनिटांचे. त्यातले काही चक्क रंगीत.

हौशी लोकांच्या आवाक्यात हे आले कोडॅकमुळे. सहज पेट न घेणारी १६ मिमी फिल्म १९२३ मध्ये आली, रंगीत कोडाक्रोम १९३५ मध्ये. तरी हे सारे महागच. त्यामुळे पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्यांची अशी बरीच घरगुती रिळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि पाहुणे म्हणून गावी आलेल्या माणसांनी टिपलेली आहेत. मुंबईत कोकणातल्या गावांची मंडळे असतात, तशी न्यूयॉर्कमध्येही एकेका गावाच्या ज्यूंची मंडळे होती. ती गावाकडे पैसे पाठवत. पाहुण्याच्या नजरेची मर्यादा या रिळांना आहेच. पण १९४२ मध्ये जर्मनांनी वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, प्रसंग मुद्दाम घडवून आणून जे चित्रीकरण केले, त्याच्याशेजारी हे ठेवून पाहावे. इथे कॅमेऱ्यामागे घरचाच माणूस आहे.

३ डिसेंबर १९३९ रोजी नाशेल्स्कच्या ज्यूंना गावातून हाकलण्यात आले. पुढे त्यांतल्या बहुतेकांचा शेवट ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत झाला. युद्धानंतर शंभरही उरले नव्हते.

रीळ मात्र अमेरिकेत राहिले. २००९ मध्ये नातू ग्लेन कुर्त्झ यांना ते आईवडिलांच्या फ्लोरिडातल्या घरी, कपाटात सापडले. १६ मिमीची ही ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म सहज पेट घेत नसली तरी सडते, आकसते, चिकटून बसते. या रिळाचे तेच झाले होते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयाने ते वाचवून सर्वांना पाहण्यासाठी खुले केले. पण नावांवाचून ते नुसते चेहरेच होते. मग एका अमेरिकन तरुणीने त्यातल्या तेरा वर्षांच्या मुलाला ओळखले: तो तिचा आजोबा होता, आणि हयात होता. त्याच्या आठवणीतून आणखी काही नावे मिळाली. फितीत दीडशेच्या आसपास माणसे दिसतात. नावानिशी ओळख पटली ती अकरा जणांचीच.