खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि घरचे सांडपाणी

घरातून गटारात जाणारी रसायने कमी करावीत असे ज्याने मनावर घेतले, त्याला पहिला सल्ला मिळतो तो सोड्याचा. धुण्यात सोडा घाला, मोरीत सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता, असे सांगणारे व्हिडिओ पाहून मंडळी स्वयंपाकघरातली भज्यांच्या सोड्याची डबी उचलतात आणि महिनाभरात ‘काही फरक पडत नाही’ म्हणत पुन्हा जुन्या पावडरीकडे वळतात. फरक पडत नाही हे खरेच असते, कारण बहुतेक वेळा सोडाच चुकलेला असतो. धुण्याचा सोडा निराळा. तो किराणा दुकानात पूर्वीपासून मिळतो, स्वस्त असतो आणि त्याचे काम त्याच्या नावातच सांगितलेले आहे.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोघे एकाच कुळातले असल्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. धुण्याचा सोडा बनवणाऱ्या सॉल्व्हे पद्धतीच्या कारखान्यात आधी बायकार्बोनेटच तयार होते आणि ते तापवून त्याचे कार्बोनेट करतात. घरच्या ओव्हनमध्येही 200 अंश सेल्सिअसला खाण्याचा सोडा पसरून तापवला, तर त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन मागे धुण्याचा सोडा उरतो. हिशेबाने 168 ग्रॅमचे 106 ग्रॅम होतात. गुणधर्मांत मात्र मोठे अंतर पडते. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू, म्हणजे pH, साधारण 8.3 असतो, तर धुण्याच्या सोड्याचा 11 च्या आसपास किंवा त्याहून वर जातो. सामूची मोजपट्टी एकेका अंकाला दहापटीने चढत असल्यामुळे दोघांच्या आम्लारिधर्मात काही शे पटींचा फरक आहे. म्हणूनच एक भज्यांत चिमूटभर चालतो आणि दुसरा पोटात जाताच कामा नये.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर बोअरचे जड पाणी, ज्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात, ते दोन काचेच्या पेल्यांत घ्यावे. एकात खाण्याचा आणि दुसऱ्यात धुण्याचा सोडा अर्धा अर्धा चमचा घालून ढवळावे. पहिल्या पेल्यातले पाणी सोडा विरघळल्यावर जवळपास होते तसेच राहते. दुसऱ्यातले बघता बघता ताकाच्या निवळीसारखे गढूळ होते आणि काही वेळाने तळाशी पांढरा गाळ बसतो. हा गाळ म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियमची झालेली चुनखडी. पाण्यातले कॅल्शियम साबणाला आधी गाठते, त्याची चिकट साय करते आणि फेस येऊ देत नाही; धुण्याचा सोडा त्याला साबणापर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला काढतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत तो तितका प्रभावी नाही, पण तेवढ्यानेही धुण्यात पुष्कळ फरक पडतो. शिवाय कॉलरवरच्या किंवा ओट्यावरच्या तेलकट थरातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन जागच्या जागी थोडा साबणच तयार होतो. खाण्याच्या सोड्यात हे बळ नाही.

सांडपाण्याशी संबंध येतो तो इथे. जड पाण्याला आवर घालण्यासाठी डिटर्जंट पावडरींत फॉस्फेट वापरण्याची पद्धत जगभर रूढ झाली. फॉस्फेट हे वनस्पतींचे खत आहे आणि नेहमीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची रचना मुख्यतः सेंद्रिय मैला कुजवण्यासाठी केलेली असल्यामुळे त्यातला बराच भाग नदीत उतरतो. पवना किंवा मुळा-मुठेवर उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी अशाच पोषक द्रव्यांवर माजते. ती द्रव्ये केवळ डिटर्जंटमधून येत नाहीत, प्रक्रियेविना सोडलेल्या मैल्याचा वाटा फार मोठा आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. धुण्याच्या सोड्यात फॉस्फरस नाही, नायट्रोजन नाही आणि तो असेंद्रिय असल्यामुळे त्याला कुजवण्यासाठी पाण्यातला प्राणवायूही खर्ची पडत नाही. या शेवटच्या कसोटीवर व्हिनेगरसुद्धा त्याच्या मागे पडते, कारण त्यातले अ‍ॅसेटिक आम्ल जिवाणूंनाच पचवावे लागते आणि त्यासाठी प्राणवायू लागतो.

तरी जी पावडर आपण वापरतो तिच्यात वर आणखी सोडा ओतणे हा उपाय नव्हे. आपल्याकडच्या पुष्कळशा स्वस्त पावडरींत धुण्याचा सोडा आधीच भरपूर असतो. त्याचा खरा उपयोग साध्या साबणाच्या वडीबरोबर होतो किंवा जड पाण्यासाठी दुप्पट टाकली जाणारी पावडर निम्म्यावर आणण्यासाठी होतो. पुण्यात खडकवासल्याचे, म्हणजे मुळात पावसाचे, पाणी येणाऱ्या घराला त्याची गरज क्वचितच लागेल. तिथे पावडरीचे माप कमी करणे एवढेच पुरते. टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी. तिथे बादलीभर पाण्यात एक चमचा सोडा आधी पूर्ण विरघळवून मग कपडे बुडवावेत. रेशीम आणि लोकर यांना मात्र त्यापासून दूर ठेवावे, कारण त्यांचे धागे प्रथिनांचे असतात आणि तीव्र आम्लारीने ते झिजतात. अ‍ॅल्युमिनियमलाही तो खातो. आमच्याकडची एक चांगली कढई रात्रभर या सोड्यात भिजत राहिली आणि सकाळी काळीठिक्कर निघाली. हातमोजे घालावेत, हे वेगळे सांगायला नको.

मग खाण्याच्या सोड्याला साफसफाईत जागाच नाही का? आहे, पण लहान. चहाचे डाग पडलेले कप, सिंक, थर्मासचे झाकण अशा वस्तू तो ओरखडे न पाडता घासून काढतो आणि आंबूस वास शमवतो. त्यावर व्हिनेगर ओतल्याने उठणारा फेस दिसायला झकास असला, तरी आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून मागे राहते ते पाणी आणि सोडियम अ‍ॅसिटेट, म्हणजे दोन्ही बाटल्यांचे पैसे एकदमच मोरीत. बादलीवरचे पांढरे पुट काढायला तर कुठलाच सोडा उपयोगी नाही. तिथे लिंबू किंवा सायट्रिक आम्ल एकटेच वापरावे.

विकत घेताना आणखी एक मेख आहे. धुण्याचा सोडा खड्यांच्या रूपात मिळतो तेव्हा त्याच्या वजनात जवळपास 63 टक्के पाणीच असते, आणि सुकी पावडर घेतली तर त्याच वजनात सुमारे पावणेतीनपट सोडा हाती येतो. त्यामुळे एकाचे माप दुसऱ्याला लावू नये. खडे उघडे राहिले की त्यांतले पाणी उडून त्यांच्यावर पांढरी भुकटी चढते आणि मग दोन्ही सोडे दिसायला सारखेच होतात, तेव्हा डबीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती स्वयंपाकघराबाहेर ठेवावी. धुण्याचे पहिले पाणी कुंड्यांना घालू नये. त्यातल्या सोडियमने माती, विशेषतः काळी चिकण माती, घट्ट बसते आणि पाणी मुरेनासे होते. शेवटच्या खळबळण्याचे पाणी अधूनमधून घालायला हरकत नाही.