बिबळ्या कडवा आणि हिंगे

बिबळ्या कडवा (डॅनॉस क्रिसिप्पस) हे फुलपाखरू, तर हिंगे (मायलॅब्रिस पस्च्युलाटा) हे भुंगेरे. साताऱ्याच्या माण-खटावात आणि सांगलीच्या जत-आटपाडीकडे पावसाळा सरत आला की दोन्ही फुलांवर दिसतात. दोघांचा रंग भडक, नारिंगी-तांबडा नि काळा. पक्ष्यांना तो इशाराच असतो, कारण दोघांच्याही अंगात विष आहे.

ते विष येते मात्र वेगवेगळ्या वाटेने. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पाने तोडताना काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसते, ती कडव्याची. रुईच्या चिकातली विषारी द्रव्ये ती अंगात साठवते. पुढे फुलपाखरातही ती उतरतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. म्हणूनच कडवा इतका निवांत, संथ उडतो. छोटा चांदवा या फुलपाखराची मादी तर हुबेहूब कडव्याचे रूप घेऊन जीव वाचवते.

हिंग्यांचे विष घरचेच असते. कँथरिडीन हे द्रव्य नर स्वतःच्या शरीरात तयार करतो आणि मीलनाच्या वेळी मादीला देतो. भुंगेरा बोटांत दाबला की पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब पाझरतो. तो कातडीला लागला की काही तासांत पाण्याने भरलेला फोड येतो.

फुलावरची वागणूकही निराळी. कडवा गुंडाळलेली सोंड उलगडून मध पितो, पाकळीला ओरखडाही उठत नाही. हिंग्यांना बळकट जबडे असतात. तूर, भेंडी, घेवड्याच्या फुलात माना खुपसून ते पाकळ्या आणि पुंकेसर कुरतडतात; तुरीचा फुलोरा असा खाल्ला गेला की शेंगा धरत नाहीत. शेतकऱ्याचा राग त्यामुळे रास्तच आहे.

तरीही हिंग्यांना निव्वळ शत्रू ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांच्या अंड्यांवर वाढतात. शिवाय फुलोऱ्यातल्या फवारणीने मधमाश्याही मरतात. प्रादुर्भाव थोडा असेल तर सकाळी ऊन तापण्याआधी, भुंगेरे सुस्त असताना, हातमोजे घालून ते वेचावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत.