ऑनलाइन विक्रीसाठी जीएसटी नोंदणी: सीमाभागातल्या छोट्या विक्रेत्यांचे अर्ज कुठे अडकतात

अथणीची चप्पल, खानापूरची मातीची भांडी, बेळगावचा कुंदा, शहापूर-वडगावची साडी. यातलं काहीही मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकायचं तर पहिला प्रश्न येतो जीएसटीचा. आणि इथेच आपल्या कर्नाटकाकडच्या सीमाभागात सगळ्यात मोठी गफलत होते.

बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं की 'आता लहान विक्रेत्याला जीएसटी लागत नाही'. हे अर्धं खरं आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून, वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्या माल विक्रेत्याला नोंदणी न करता ऑनलाइन विकता येतं. त्याला जीएसटीच्या पोर्टलवर पॅन आणि धंद्याचा पत्ता देऊन फक्त एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. पण अट अशी की माल आपल्याच राज्यात विकायचा. एका राज्यासाठी एकच नंबर मिळतो आणि आंतरराज्य विक्री अजिबात चालत नाही.

आता नकाशा बघा. निपाणीच्या माणसाचं गिऱ्हाईक कागल-कोल्हापूरला, बेळगावच्या माणसाचं चंदगड, सावंतवाडी, गोव्यात. कोगनोळी नाक्यापलीकडे किंवा शिनोळीला पाठवलेलं पार्सल कायद्याने आंतरराज्यच, मग अंतर पाच किलोमीटर असो की पाचशे. एनरोलमेंट नंबरवर हुबळी-बंगळूरला विकता येईल, कोल्हापूरला नाही. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) दुकानदारालाही हेच बंधन आहे. हस्तकलेच्या काही वस्तूंना थेट विक्रीत वेगळी सवलत आहे, पण प्लॅटफॉर्मवरून विकताना तिच्या भरवशावर राहू नका. तुमचं गिऱ्हाईक मुख्यतः पलीकडचं असेल तर एनरोलमेंटमध्ये वेळ न घालवता सरळ पूर्ण नोंदणी करा. पूर्ण नोंदणी झाली की जुना एनरोलमेंट नंबर तसाही बाद होतो.

आणखी दोन गैरसमज. 40 लाख हे फक्त ऑनलाइन विक्रीचे नव्हेत. एका पॅनवरचं दुकान, बाजार, ऑनलाइन, सगळं मिळून धरतात. आणि 'गुळाला कर नाही' हे सुट्ट्या गुळाचं झालं. लेबल लावून पाकिटबंद केला की 18 जुलै 2022 पासून त्यावर 5 टक्के आहे, आणि ऑनलाइन विकला जाणारा गूळ बहुतेक पाकिटबंदच असतो.

पूर्ण नोंदणीला पॅन, आधार, फोटो, बँकेचे तपशील लागतात. ते सगळ्यांकडे असतात. अर्ज सुरू केल्यावर तात्पुरता क्रमांक मिळतो, तो 15 दिवसच चालतो. पॅन आणि आधारवरचं नाव जुळतंय ना आणि आधारला चालू मोबाइल जोडलाय ना, हे आधी बघा. काही अर्जदारांना ओटीपीऐवजी बायोमेट्रिकसाठी केंद्रावर बोलावतात. तिथे मूळ कागद न्यावे लागतात आणि ते झाल्याशिवाय अर्जाचा पक्का क्रमांक (एआरएन) पडत नाही. 'अर्ज भरला, उत्तर नाही' म्हणून थांबलेल्यांनी आधी ईमेल उघडून बघावा.

खरी अडचण जागेच्या पुराव्याची. स्वतःची जागा असेल तर घरपट्टीची पावती, खाते उतारा किंवा वीजबिल यांपैकी कोणताही एक कागद पुरतो. पण गावात घर चार भावांचं असतं, उतारा आजोबांच्या नावावर, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिलही त्यांच्याच नावावर, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. त्या कागदावर संमतीपत्र कोण देणार? इथे अर्ज हमखास परत येतो. उताऱ्यावर हयात वडील, भाऊ किंवा बायको असेल तर सोपं: साध्या कागदावर त्यांचं संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि मालकीचा वरीलपैकी एक कागद. हयात नाव कुठेच नसेल तर वारसा नोंदीचा अर्ज आजच द्या, आणि तोवर वीज मीटरचं नाव बदलून घ्या. ते बहुधा खाते फिरवण्यापेक्षा लवकर होतं.

भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाचा एक मालकी कागद लागतो. करार नोंदणीकृत नसेल तर मालकाचं ओळखपत्रही जोडा. करारच नसेल तर नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र आणि तुमच्या नावाचं वीजबिल चालतं.

याउपर मागणी झाली तर माहीत असू द्या: 17 एप्रिल 2025 च्या केंद्रीय सूचनेनुसार यादीबाहेरचे कागद मागू नयेत, आणि अर्जदार दुसऱ्या शहरात किंवा राज्यात राहतो म्हणून शंका काढू नये. घर कागलला, दुकान निपाणीत असणाऱ्यांना हे फार उपयोगाचं आहे. उत्तरात या सूचनेचा नंबर लिहा: 03/2025-जीएसटी. माणसं मागतील तो कागद आणायला महिनाभर पळतात, आणि तो मुळात लागतच नसतो, हे थांबायला हवं.

उलटी चूकही करू नका. कोल्हापूरच्या पाहुण्यांचा पत्ता देऊन महाराष्ट्राची नोंदणी काढायची आणि माल निपाणीतून पाठवायचा, हे अंगाशी येतं. माल जिथून निघतो तिथली नोंदणी लागते.

शंका काढलेली नोटीस आली की उत्तराला कामकाजाचे सात दिवस मिळतात. ते नोटीस मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही ती उघडल्यापासून नव्हे. अर्ज सेवा केंद्रातून भरताना अनेकदा तिथल्याच माणसाचा ईमेल आणि मोबाइल टाकला जातो. नोटीस त्याच्याकडे जाते आणि अर्ज फेटाळला जातो. ईमेल आणि मोबाइल तुमचाच घाला.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, वेगळी. ती फुकट आहे, कागद अपलोड करावे लागत नाहीत. संकेतस्थळाचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तरच पुढे जा. पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट बऱ्याच आहेत. यात एकच गोष्ट जपा: तुम्ही माल बनवत असाल तर उत्पादनाचा कोड निवडा. किरकोळ व्यापार निवडलात तर उद्यमचा लाभ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरताच उरतो. लहान उद्योगांना ओएनडीसी या सरकारी पाठिंब्याच्या ऑनलाइन विक्री जाळ्यावर आणण्यासाठी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'टीम' योजनेलाही उद्यम क्रमांक लागतो. कॅटलॉग, पॅकिंग, वाहतूक यांना त्यातून मदत मिळते.

खाण्याचा पदार्थ असेल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी वेगळी घ्या.

नंबर हाती आल्यावर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. तिमाही पर्याय घेतला तर जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) तिमाहीनंतर 13 तारखेपर्यंत, 3बी (कर भरण्याचं रिटर्न) कर्नाटकात 22 पर्यंत. चुकलं तर शून्य रिटर्नलाही दिवसाला 20 रुपये. प्लॅटफॉर्म तुमच्या करपात्र विक्रीवर अर्धा टक्का कापून सरकारकडे भरतो; पोर्टलवर 'टीडीएस/टीसीएस क्रेडिट'मध्ये जाऊन ते स्वीकारलं तरच ती रक्कम तुमच्या कॅश लेजरला (पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्याला) येते.