फोनो कार्ट्रिज आणि टोनआर्म यांची जुळणी

तबकडीच्या खाचेत सुई थरथरते. त्या थरथरीचे विजेत रूपांतर करते ते फोनो कार्ट्रिज, आणि कार्ट्रिजला तबकडीवर पेलून धरणारा दांडा म्हणजे टोनआर्म. दोन्ही आपापल्या जागी उत्तम असूनही एकत्र आल्यावर बिनसू शकतात. त्यामुळे टर्नटेबलच्या जगात ‘चांगले कार्ट्रिज कोणते’ या प्रश्नाला ‘कोणत्या आर्मवर?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

सुईची बारीक दांडी कार्ट्रिजच्या आत रबराच्या कड्यात बसवलेली असते. हे रबर स्प्रिंगचे काम करते आणि आर्म, कार्ट्रिज व स्क्रू मिळून त्या स्प्रिंगवरचे वजन होते. अशा कोणत्याही जोडीला स्वतःची एक अनुनाद वारंवारता, म्हणजे ती आपसूक सर्वांत जोरात डोलते ती वारंवारता, असते. तबकडी थोडीशी वाकलेली असली की सुई वरखाली होते. ही हालचाल आणि पावलांचा दणका बहुतांशी 6 हर्ट्झच्या खाली असतात, तर संगीत साधारण 20 हर्ट्झपासून वर सुरू होते. अनुनाद या दोहोंच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान पडावा, एवढीच जुळणीची मूळ मागणी आहे.

हिशेब सोपा आहे. एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये घ्यायचे, त्याला कंप्लायन्सने (म्हणजे सुईच्या दांडीच्या लवचीकतेच्या आकड्याने) गुणायचे आणि गुणाकाराच्या वर्गमुळाने 159 ला भागायचे. ऑर्टोफॉन 2एम रेडचे वजन 7.2 ग्रॅम आणि कंप्लायन्स 20. ते 12 ग्रॅम प्रभावी वस्तुमानाच्या (याचा अर्थ पुढे येतो) आर्मवर लावले आणि स्क्रूंचे 0.8 ग्रॅम धरले, तर एकूण 20 ग्रॅम होतात आणि उत्तर जवळपास 8 हर्ट्झ येते. जोडी जमली. याउलट 25 ग्रॅमचा जड आर्म, 6 ग्रॅमचे कार्ट्रिज आणि 30 कंप्लायन्स घेतले, तर उत्तर 5 हर्ट्झच्या आसपास घसरते. अशी चुकलेली जोडी डोळ्यांनीही ओळखता येते. स्पीकरची जाळी काढून पाहिले, तर वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पडदा काहीही ऐकू येत नसताना संथपणे आतबाहेर होताना दिसतो. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद त्यातच वाया जाते.

प्रभावी वस्तुमान म्हणजे आर्मचे तराजूवरचे वजन नव्हे. आर्म ज्या टेकूवर फिरतो त्यापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे प्रत्येक ग्रॅमची गणती होते. हेडशेलवरचा (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसवतात त्या भागावरचा) एक ग्रॅम पुरा एक ग्रॅम मोजला जातो, तर निम्म्या अंतरावरचा फक्त पाव. म्हणून हेडशेल बदलणे हा जुळणी सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. त्याच कारणाने, मागचे संतुलन-वजन जड असून टेकूजवळ आलेले बरे. हलके वजन लांब सरकवणे तोट्याचे.

कंप्लायन्सच्या आकड्यात मात्र एक खाचखळगा आहे आणि अनुभवी मंडळीही त्यात अडकतात. अनेक जपानी उत्पादक तो 100 हर्ट्झला मोजून देतात. सूत्राला हवा असतो 10 हर्ट्झचा आकडा, आणि तो साधारण दीडपट ते दुप्पट भरतो. डेनॉन डीएल-103 चे वजन 8.5 ग्रॅम आणि छापील कंप्लायन्स 5 आहे. 12 ग्रॅमच्या आर्मवर हा आकडा तसाच वापरला, तर उत्तर 15 च्या वर जाते आणि कार्ट्रिज उगाच बाद होते. दुप्पट धरला, तर 11 हर्ट्झ येतात.

जुळणी साधल्यावरही स्पीकरमधून सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल, तर त्या हमचा अनुनादाशी संबंध नसतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (ज्यात सुईबरोबर चुंबक हलते) जेमतेम 5 मिलिव्होल्ट देते, मूव्हिंग कॉइल (ज्यात तारेचे वेटोळे हलते) त्याहून कितीतरी कमी. डीएल-103 तर फक्त 0.3. फोनो प्रीअँप हा संकेत पहिल्या प्रकारात सुमारे 100 पट आणि दुसऱ्यात सुमारे 1000 पट वाढवतो. त्यातच 1954 पासून रूढ असलेल्या आरआयएए (अमेरिकन ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) प्रमाणानुसार खालचे सूर आणखी उचलले जातात. 50 हर्ट्झला ही जादा वाढ 17 डेसिबल, म्हणजे जवळजवळ सातपट असते. घरातल्या विजेची वारंवारता 50 किंवा 60 हर्ट्झच असल्याने तिचा अत्यल्प शिरकावही ऐकू येतो.

शोध क्रमानेच घ्यावा. प्रीअँपच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोके थेट जोडणारा प्लग) लावूनही हम राहिला, तर दोष प्रीअँपमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. (इनपुट नुसते मोकळे सोडून ही परीक्षा करू नये, मोकळे इनपुट स्वतःच हम पकडते.) हम गेला, तर दोष टर्नटेबल, केबल किंवा त्यांच्या अर्थिंगमध्ये. एकाच बाजूला हम असेल, तर हेडशेलच्या चार पिना पाहाव्यात: पांढरी आणि निळी डावीकडच्या, तांबडी आणि हिरवी उजवीकडच्या. आर्मला बोट लावताच हम उतरला, तर त्याची अर्थिंगची तार बहुधा सुटलेली असते. तार जोडल्यावर हम वाढला, तर अर्थला दोन वाटा मिळून ग्राउंड लूप झाला आहे. काही टर्नटेबलांत आर्मचे अर्थिंग आतूनच डाव्या चॅनेलला जोडलेले असते. लूप तोडण्यासाठी विजेच्या प्लगची अर्थ पिन कधीही काढू नये. त्यात जिवाला धोका आहे.

चुंबकीय हम ओळखायला सुई न टेकवता आर्म तबकडीवरून हळूहळू आत न्यावा. ठरावीक जागी हम वाढला, तर खालची मोटर किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर कारणीभूत आहे, आणि तिथे अंतर वाढवण्याखेरीज उपाय नाही, कोणतीही तार कामाची नाही. मूव्हिंग कॉइलसाठीचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (तिचा क्षीण संकेत प्रीअँपआधी वाढवणारा) याबाबत विशेष हळवा असतो. आवाज चढवून हा ट्रान्सफॉर्मर हातात धरून जागच्या जागी सावकाश फिरवला, की एका कोनात हम जवळजवळ नाहीसा होतो. त्याच कोनात तो ठेवावा.